भट्टीवरची पेटी

दार तेवढं लोटून घ्या, वारा येतोय. आणि जरा जवळ सरकून बसा. उद्या तुम्ही पहिल्यांदा अशी पेटी उघडणार, म्हणून आज सांगतो. गोष्ट ऐकीव नाही. माझ्या साडूची आहे, आणि तो अजून चांगला हिंडताफिरता आहे.

आमच्या धंद्यात त्याला सगळे फुंकर म्हणायचे. कुठे हवा अडली की बोलवा फुंकरला. हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत ऊब परत आणणाऱ्या पेट्या बसवायच्या, साफ ठेवायच्या, हे त्याचं काम. पेटी म्हणजे काय, तर आत पातळ पत्र्यांची चळत. चुलीवरची तापलेली हवा एका अंगाने बाहेर जाते, बाहेरची गार हवा दुसऱ्या अंगाने आत येते, मध्ये फक्त पत्रा. जाणारी आपली ऊब येणारीला देऊन जाते, पण दोघी एकमेकींना शिवत नाहीत. फुंकर म्हणायचा, या अबोला धरलेल्या जावा आहेत. एका घरात नांदतात, पण बोट लागू देत नाहीत. हसवायचा फार. हातही चांगला. एकच खोड, अंगात आळस. शिडी चढायची म्हटलं की कपाळाला आठी.

तर डिसेंबरची अकरा तारीख, बुधवार. हाडं गोठवणारी थंडी. रात्री अकरा वाजून वीस मिनिटांनी हा एका हॉटेलच्या मागच्या दाराशी उभा. चुली चालू असताना पेटी थांबवता येत नाही, म्हणून ही कामं गिऱ्हाईक गेल्यावरच करायची. काम तासाभराचं. गाळण्या धुवायच्या, पंख्याचा पट्टा बदलायचा. बायकोला सांगून आला होता, साडेबाराला येतो, आतून कडी लावू नकोस.

दार मालकीणबाईंनी उघडलं. पन्नाशीच्या, अंगावर शाल. या नाही की बसा नाही. फुंकर त्यांना ओळखत होता, आणि खरं सांगायचं तर हे घर टाळतच होता. आदल्या हिवाळ्यात त्यांचा नवरा त्याच स्वयंपाकघरात गेला होता. मालक असून कोळशाची भट्टी तो स्वतः सांभाळायचा. एका पहाटे भट्टीपुढे पडलेला सापडला. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. त्यानंतर बाईंनी पेटी दुसऱ्या कोणाकडून उघडून धुवून घेतली आणि भट्टी कायमची विझवली. आता सगळं गॅसवर.

बाईंनी तक्रार सांगितली ती अशी. पंधरा दिवस झाले, बाहेरून येणारी हवा गरम येते. तिला कोळशाचा वास येतो. दोन आचारी काम सोडून गेले, दोन मिस्त्री पेटीला हात न लावता परत गेले. म्हणून त्यांनी नाव घेऊन फुंकरलाच बोलावलं. मग म्हणाल्या, मिस्त्री काम टाकून पळतात, तेव्हा मी बाहेरून कडी लावते. वरच राहते. झालं की फोन करा.

याला ते खटकलं. पण बोलणार काय? कडी सरकल्याचा आवाज आला, मग जिन्यावर पावलं, आणि सगळं शांत.

स्वयंपाकघर लांबट होतं. स्टीलची टेबलं पुसून ठेवलेली, पातेली पालथी. त्याने गॅसची तोटी बघितली. बंद. शेगड्यांना हात लावला, गार पडलेल्या. कोपऱ्यातली भट्टी विटा लावून बुजवलेली. मग त्याने हवा येते त्या जाळीखाली तापमापक धरला.

खोलीत चौदा. जाळीतून एकेचाळीस.

त्याने काटा झटकला, पुन्हा धरला. त्रेचाळीस. आता पेटी काही पदरचं घालत नाही, पोरांनो. तिला मिळेल तेवढीच ऊब ती देते, त्याहून थोडी कमीच. खाली चूल नाही, बाहेर पाणी गोठतंय. मग हे त्रेचाळीस आलं कुठून?

वायरीत बिघाड असेल म्हणून त्याने मोठा खटका पाडला. पंखा घरघरला आणि थांबला. हवा थांबली नाही.

जाळीला कागदाची एक पट्टी बांधलेली असते, वारा दिसावा म्हणून. ती बाहेरच्या बाजूला फडफडत होती. मग खाली पडली. लोंबत राहिली. मग हळूच… आत ओढली गेली. जाळीला चिकटली. सुटली. पुन्हा बाहेर.

हा बघत उभा. बाहेर. थांबली. आत. थांबली. बाहेर.

त्याने स्वतःचा श्वास रोखला. पट्टी चालूच.

मग वास आला. जळत्या कोळशाचा, घशात टोचणारा. सत्तेचाळीस. बावन्न. टेबलांवर घाम सुटला. याच्या सदऱ्याला पाठीवर ओल आली आणि तळवे मात्र गार. तो दाराकडे गेला. दार ढकललं. खांदा लावला. दार जाड होतं, ते तसूभर हललं नाही.

फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला गेला. बाई जणू हातात धरूनच बसल्या होत्या.

"बाई, दार उघडा."

"काम झालं?"

"करतो. आधी दार उघडा. इथे काहीतरी…"

"माझ्या नवऱ्याने तुम्हाला तीनदा बोलावलं होतं."

याने पुन्हा दाराला खांदा लावला.

"तिसऱ्यांदा तुम्ही आलात. कार्डावर सही केलीत, पेटी उघडली, साफ केली म्हणून. ते गेल्यावर मी स्वतः शिडीवर चढून बघितलं. झाकणाच्या फटीवरचा रंग तडकलेलासुद्धा नव्हता." मग म्हणाल्या, "वर चढायचं राहिलंय तुमचं."

फोन बंद झाला.

खरं होतं ते. त्या दिवशी थंडी होती, कंटाळा आला होता. खालूनच बॅटरी मारली, वर हवा चालू दिसतेय म्हणाला आणि सही ठोकली. पेटी बुजली की कोळशाचा विषारी धूर खोलीतच कोंडतो. आठवड्याने तो माणूस गेला. फुंकरने हे फक्त मला सांगितलं होतं. आणि मी म्हणालो होतो, जाऊ दे, झालं गेलं, कोणाला कळणार आहे? माझंही त्यात आलंच की.

खाली उभं राहवेना. डोळे चुरचुरत होते, छाती भरत होती. बाहेर पडायला वाट नव्हती. उरलं काय? शिडी. त्याने ती झाकणाखाली लावली. एक पायरी. दुसरी. डोकं वर जाईल तसा चटका वाढत गेला. झाकणाचे स्क्रू बोटांना भाजत होते. शेवटचा सुटला. झाकण आपोआप खाली लोंबलं.

त्याने बॅटरी मारली.

वर्षाच्या आत धुतलेली पेटी. खाली कोळसा पेटलेला नाही. आणि आतले पत्रे काजळीने गच्च. सुईला वाट नव्हती त्यातून. तरी त्या काळ्यातून हवा येत होती. त्याच्या तोंडावर. थांबत होती. मागे जात होती. पुन्हा येत होती.

जड. म्हाताऱ्या माणसाची. दमलेली.

"मी चढलो नव्हतो," तो म्हणाला.

श्वास थांबला.

एकदम शांत. इतकं, की शिडी करकरलेली ऐकू आली. आपला जीव वेडा असतो. तोंडाने कबूल केलं की सुटलो, असं वाटतं. फुंकरलाही वाटलं. त्याने एक पाय खाली घेतला…

हवा उलटी फिरली.

आत. फक्त आत. थांबेचना. टोपी गेली. बॅटरी विझली. त्याचं तोंड उघडंच राहिलं, मिटता येईना. आधी ओठ गार पडले. मग जीभ. मग घसा… मग खाली, आत, जिथे आपल्याला कधी थंडी वाजत नाही तिथे…

नाही. पुढचं त्याला सांगता येत नाही. मीही विचारत नाही.

पावणेतीनला कडी निघाली. तो शिडीच्या पायाशी बसलेला होता. झाकण जागेवर, सगळे स्क्रू घट्ट. बाईंनी जाळीला हात लावून बघितला. मग कार्ड आणि पेन त्याच्यापुढे धरलं.

"आता करा सही," म्हणाल्या.

त्याने केली.

त्याच्या बायकोचा मला फोन आला म्हणून पहाटे साडेपाचला मी पोचलो. मागच्या गल्लीत कचऱ्याची गाडी उभी होती. गाडीवाले दोघे, बाई, मी, आम्ही बोलायला तोंड उघडलं की वाफ निघत होती, एवढा गारठा. फुंकर अजून तिथेच, भिंतीला टेकून उभा होता. धडधाकट. मला म्हणाला, चला भाऊजी, काम झालं. चांगला स्पष्ट म्हणाला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. गाडीवालाही बघत होता.

डॉक्टरांना दाखवलं. ताप नाही, छाती स्वच्छ, नाडी चोख. जेवतो, झोपतो. शिडीला मात्र पुन्हा पाय लावला नाही. आता चाळिशी लागलीय त्याला. परवा पेपर वाचायला बसला, तेव्हा चष्मा धुरकट होता. सवयीने काच तोंडाजवळ नेली आणि चांगलं दमदार "हाऽ" केलं. एकदा. मग पुन्हा एकदा.

काच कोरडीच.