चेनची उरलेली गोष्ट

“व्हाय डू यू क्लोज युअर आइज व्हेन आय टॉक?”

विचारलं! अख्ख्या वर्गासमोर, ताठ उभं राहून, इंग्रजीत विचारलं! मागच्या बाकावर चष्मिस आणि ढमी, माझ्या दोघी जिवलग, तोंडावर हात दाबून फिदीफिदी हसत होत्या. पैज त्यांचीच. ‘एवढी शहाणी ना तू? मग मौनीबाबाला विचार, तू बोलायला लागलीस की तो डोळे का मिटतो ते!’

मौनीबाबा म्हणजे माझा जोडीदार. शाळा सुटल्यावर आमचे सर बोलक्या इंग्रजीचा वर्ग घेतात, तिथे त्यांनी चिठ्ठ्या टाकून जोड्या लावल्या आणि माझ्या वाट्याला आला तो, ज्याचा आवाज कुणी धड ऐकलासुद्धा नव्हता. उंच, सावळा, शर्टाच्या बाह्या कायम कोपरापर्यंत दुमडलेल्या...

तो हळूहळू उभा राहिला. कान लालेलाल. मला वाटलं, बसतोय आता खाली. पण त्याने माझ्याकडे पाहिलं—अगदी सरळ—आणि म्हणाला,

“टू हिअर यू... बेटर.”

वर्गाने बाकं बडवली. आणि झोपेतही बडबडणारी मी... पैज जिंकल्याचं मिरवायलाच विसरले!

त्या दिवशी सरांनी आम्हाला गोष्ट दिली ती चेनची. हो, चेन! दप्तराची, जाकिटाची, आपण दिवसभर खालीवर करतो ती. रीत अशी, की जोडीतल्या एकाने हेडफोन लावून शोधाची गोष्ट ऐकायची आणि जोडीदाराला सांगायची, मग जोडीदाराने ती वर्गाला सांगायची. मी तर बाकावरून उडालेच. आईबाबांचं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. चेनी बघतच मी मोठी झाले! हेडफोन लावले. एका माणसाला बुटांचे बंद बांधायचा कंटाळा यायचा, म्हणून त्याने एकमेकांत अडकणाऱ्या हुकांची एक युक्ती काढली, मोठ्या प्रदर्शनात नेऊन मांडली... बास! मी हेडफोन काढले आणि मौनीबाबाला सगळं घडाघडा सांगून टाकलं.

त्याने अडखळत, पण एकही शब्द न गाळता ते वर्गाला सांगितलं.

“अँड देन?” सरांनी विचारलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी छाती फुगवून म्हणाले, “द एंड, सर!”

सरांनी हसत उरलेली गोष्ट मोठ्याने लावली. कसला एंड! त्या माणसाची चेन भलत्या वेळी उघडायची. कुणी फारशी घेईना. पुढे कित्येक वर्षांनी दुसऱ्याच एकाने दात वाढवले, जवळजवळ बसवले, तेव्हा कुठे ती टिकली. वर्ग हसला तो मौनीबाबाला. चूक माझी, आणि मान खाली त्याची!

सुटल्यावर जिन्यात मी त्याला गाठलं. “सॉरी... खरंच.”

“तू ना,” तो म्हणाला, “गोष्ट संपायच्या आधीच टाळ्या वाजवतेस. कान आहेत तुला, पण ते तुझ्या तोंडाच्या हाताखाली कामाला आहेत.”

मी बघतच राहिले. “अरे! तू बोलतोस की!”

“ऐकणारं कुणी असलं, तर.”

झालं! तिथेच, जिन्यात, ठरलं. तो मला ऐकायला शिकवणार, मी त्याला बोलायला. रोज वर्ग सुटला की थोडा वेळ. मी दुकानातून जुन्या चेनींचे तुकडे आणायचे. तो त्यांचा रनर, म्हणजे ती सरकती कडी, खालीवर करत कानाशी पुटपुटत गोष्ट सांगायचा आणि मी डोळे मिटून, ओठ आवळून, शेवटपर्यंत ऐकायचे. किती कठीण असतं ते, देवा! मग माझी पाळी.

“हं, तू गिऱ्हाईक, मी दुकानदारीण. भांड माझ्याशी!”

“माय झिप इज... सॉरी...”

“गिऱ्हाईक कधी सॉरी म्हणतं का रे? ओरड!”

“माय झिप इज ब्रोकन!”

“मग गुमान घरी जा की!” वरच्या मजल्यावरून शिपाईकाका ओरडले, आणि आम्ही पोट धरधरून हसलो. हसताना त्याच्या गालाला खळी पडते. एकाच गालाला. (मी मुद्दाम बघत नव्हते. दिसली.)

आणि एकदा दुरुस्तीचे कपडे पोचवायला शाळेत आलेली माझी आत्या नेमकी तिथून गेली.

“डोळे मिटून बसली होती तुझी लेक,” तिने बाबांना सांगितलं, “आणि तो पोरगा कानाशी काहीतरी पुटपुटत होता!”

बाबा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, “इंग्रजी शिक, नको कोण म्हणतंय? पण जोडी बदल. नाहीतर वर्ग बंद.”

दुसऱ्याच दिवशी सरांनी जाहीर केलं, शाळाशाळांची गोष्ट सांगायची स्पर्धा आहे. आज जी नावं द्याल ती पक्की. जोडी बदलायची तर आजच.

जिन्यात मी त्याला सगळं सांगितलं. त्याने हातातला रनर खालीवर केला.

“मग बदल,” तो म्हणाला. “ढमीबरोबर जा. ती नीट ऐकते.”

माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं—‘बरं, जाते! गेलास उडत!’ एरवी मी तेच फेकून तरातरा निघाले असते. पण मी डोळे मिटले. रनर वर गेला... खाली आला... अर्ध्यात थांबला. त्याने श्वास घेतला आणि धरून ठेवला.

“तुझं संपलेलं नाही,” मी म्हणाले. “मी ऐकतेय.”

“आय डोंट वॉन्ट...” तो थांबला. मी ओठ गच्च आवळले. “आय डोंट वॉन्ट अनदर पार्टनर.”

मला तिथेच नाचावंसं वाटलं. नाचले नाही. थांबले.

“...मला तू आवडतेस,” तो हळूच म्हणाला. “हेही इंग्रजीत म्हणणार होतो. पण वाटलं, तू चुका काढशील.”

मी डोळे उघडले. “एकच चूक. फार वेळ लावलास!”

“आणि तुझं काय?”

“इतकं छान ऐकतोस ना? ऐकू येत नाही का अजून?”

ती खळी! ती एका गालाची खळी! मी दोन-दोन पायऱ्या उड्या मारत खाली उतरले आणि सरांना नावं देऊन टाकली.

दुकानात शिरले तेव्हा आई जाकिटाची चेन उसवत होती, बाबा मापाची पट्टी गळ्यात घालून हिशेबाला बसले होते, आणि आत्या स्टुलावर ठाण मांडून होती. बरंच झालं. सगळ्यांना एकदमच सांगता येईल!

“आई, बाबा, माझं ठरलंय. जोडी बदलणार नाही आणि वर्गही सोडणार नाही. स्पर्धेला आमची दोघांची नावं देऊन आलेय.”

आईचा हात थांबला. बाबांनी मान वर केली.

“आणि चोरून काही करायचं नाही, हेही ठरलंय. सराव उद्यापासून इथेच, तुमच्यासमोर. काय पुटपुटतो ते तुम्हीच ऐका. तो मला आवडतो, बाबा. हे दुसऱ्या कुणी सांगण्याआधी मीच सांगतेय. आणि आत्या, उद्या ते स्टूल तेवढं मोकळं ठेव. त्याला लागेल.”