नऊ दिवस थांबलेला प्रोग्राम

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. मी त्या खोलीत होतो, एवढंच सांगतो.

जानेवारी २००९. परळची आमची चाळ, दुसरा मजला. आई-बाबा गावी गेलेले. घरात मी आणि माझी आजी, कौसल्या.

मी प्रोग्रामर. त्या संध्याकाळी सी भाषेत लिहिलेला एक प्रोग्राम चालवला आणि तो अडकला. कर्सर नुसता लुकलुकत होता. मी वैतागलो.

आजीने काय झालं म्हणून विचारलं. सोपं करून सांगितलं. हा सगळं काम स्वतः करत नाही. एक कमांड देऊन दुसऱ्याला बाहेर पाठवतो, आणि तो परत येईपर्यंत जागचा हलत नाही.

"आणि तो आलाच नाही तर?"

"तर हा असाच थांबणार. मग मीच मारून टाकतो."

मी कीबोर्डकडे हात नेला. आजीने मनगट धरलं.

"मारू नको रे. वाट बघू दे त्याला."

तिने मनगट सोडलं नाही...

मला कळलं.

जानेवारी १९५६. संयुक्त महाराष्ट्रासाठी गिरणगाव रस्त्यावर उतरलं होतं, गोळीबार चालू होता. बाबा तान्हे, भुकेने रडत होते. आजीने आजोबांना, शामरावांना, दूध आणायला पाठवलं. ते नको म्हणत होते. तिनेच रेटून पाठवलं.

ते परत आले नाहीत. प्रेतही मिळालं नाही.

आजीने कुंकू पुसलं नाही. लोक नावं ठेवायचे. त्रेपन्न वर्षं तिने दाराला कडी लावू दिली नाही. आणि ती कधी रडली नाही. रडली असती तर ते गेले, असं ठरलं असतं.

प्रोग्राम तसाच चालू ठेवला. आजी स्क्रीनजवळ खुर्ची ओढून बसायची. "आला का रे?" विचारायची. मला तिथे बसवत नसे.

नवव्या दिवशी, दिवेलागणीला... चाळ गप्प झाली.

नळ नाही, टीव्ही नाही, पोरं नाहीत.

मग जिन्यावर पावलं. दमलेली...

आणि काचेची बाटली कठड्याला लागल्याचा आवाज.

आता काचेच्या बाटलीतून दूध कोण आणतं?

मी स्क्रीनजवळच उभा राहिलो. गुडघे धरून चालणारी आजी मात्र ताठ उठली आणि दाराकडे गेली.

"किती उशीर केलात," ती म्हणाली.

आणि रडली.

तेवढ्यात स्क्रीनवर आकडा उमटला. शून्य. आमच्या धंद्यात शून्य म्हणजे पाठवलेला काम करून नीट परत आला.

वळून पाहिलं तर आजी उंबऱ्याशी बसलेली. गेलेली. बाहेर कोणी नव्हतं. उंबऱ्यावर दुधाचा ओला गोल डाग होता, बाटलीच्या बुडाएवढा.

तेराव्यानंतर प्रोग्राम उघडला. चूक माझीच होती. ज्याला बाहेर पाठवायचं, त्या कमांडची फाईल मी ऑफिसातच विसरलो होतो. घरच्या मशीनवर ती नव्हतीच. अशा वेळी 'सापडली नाही' म्हणून काम लगेच संपतं. नंतर दहादा चालवून पाहिलं, दर वेळी तसंच झालं.

मग नऊ दिवस तो कोणाची वाट बघत होता?

बाबांना सगळं सांगितलं. आजोबांचा एकही फोटो घरात नाही, कधी काढलाच नव्हता. बाबा अजूनही मध्येच विचारतात, "दिसायला कसे होते रे ते?"

मी काय सांगू?

मी स्क्रीनकडे बघत होतो.