खिडकीच्या जागेवरची माती

इंदापूर स्टँडवर बारामतीची गाडी लागली, तेव्हा खिडकीजवळच्या एका जागेवर रुमाल नव्हता, टोपी नव्हती, होती एक मातीने भरलेली कापडी पिशवी. योगिनीने इकडेतिकडे पाहिलं. पिशवीचा धनी कुठे दिसेना. कॉलेजातल्या नोकरीचा पहिला दिवस, अंगावर नवीकोरी मोरपंखी साडी, आणि हवी ती जागा अशी मातीने अडवलेली... तिने पिशवी बाजूला सारायला उचलली, नाडी सुटली, आणि निम्मी माती तिच्या निऱ्यांवर सांडली.

"अहो, जपून... तो नमुना आहे," दारातून आवाज आला.

हातात केळी घेतलेला एक उंच, चष्मेवाला तरुण लगबगीने आत आला. साडीकडे बघावं की मातीकडे, हे त्याला ठरवता येईना. शेवटी त्याने मातीकडे पाहिलं.

"नमुना माझ्या साडीवर आहे," योगिनी म्हणाली. "काढून घ्या म्हणावं, तर तेही बरं दिसणार नाही."

त्याचे कान लाल झाले. तिला हसू आलं. निऱ्या झटकताना तिने चिमूटभर माती बोटांत चुरडून पाहिली. पांढरट, पिठासारखी...

"चोपण जमीन दिसतेय. पीएच नऊच्या वर असणार."

तो बघतच राहिला. "तुम्हाला कसं कळलं?"

"मातीच शिकलेय मी. आजपासून बारामतीच्या कॉलेजात शिकवणार."

"मी... मी तिथेच असतो. वनस्पतीशास्त्राला. महिपती कोकरे." त्याने एक केळं पुढे केलं, मग आपलं चुकलं असं वाटून मागे घेतलं, आणि पुन्हा पुढे केलं. "बसा तुम्ही. खिडकीशी."

"आणि माती?"

"ती मी घेतो मांडीवर."

निमगाव केतकीपर्यंत त्याने तोंड उघडलं नाही. मग कुणीतरी पाटाचं दार उघडावं तसा बोलत सुटला. त्याचे चुलते तात्याबा लोणी देवकरला राहतात. पूर्वी त्यांच्या घरी मेंढरांचं खांड, म्हणजे कळप होता, आता शेती आहे. पाणी आलं, ऊस आला, आणि पाण्याने रानं फुगली. वर मीठ फुटलं. त्या रानात परत हिरवं कसं आणायचं, एवढाच त्याचा ध्यास. बारामती आली तरी त्याचं संपलं नव्हतं, आणि तिलाही ते संपावंसं वाटत नव्हतं.

त्यानंतर दर सोमवारी, दोघं आपापल्या घरून परतताना, इंदापूरच्या गाडीत खिडकीशी मातीची पिशवी असायची. कंडक्टरही ओळखू लागला. "मॅडम, तुमची जमीन राखून ठेवलीय बघा," असं म्हणायचा आणि महिपतीचे कान पुन्हा लाल व्हायचे.

मार्चमध्ये विभागप्रमुख रणवरे सरांनी दोघांना बोलावलं. दिल्लीच्या एका अनुदान मंडळाने अर्ज मागवले होते. निवडलेल्या कॉलेजांना पीएच.डी.चे विद्यार्थी घडवण्यासाठी सरकारी पैसा मिळणार होता. विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती, प्रयोगशाळा, बाहेरचे मार्गदर्शक, सगळं. विषय महिपतीच्या चोपण रानांचा.

"मोठी विद्यापीठं सोडून आपल्याला कोण देणार?" रणवरे सर म्हणाले. "पण मागायला काय जातंय. मिळालं तर तुम्हा दोघांनाही इथंच पीएच.डी. करता येईल."

हे शेवटचं वाक्य योगिनीने मनात पुन्हा एकदा म्हटलं. तिला कोइमतूरच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला होता. जूनमध्ये जायचं होतं. एकदा गेली की चार वर्षं गेली. बारामती सुटणार, नोकरी सुटणार, आणि सोमवारची ती खिडकी...

दोघं अर्जाला भिडले. प्रयोगशाळेत एका बाजूला स्पिरिटचा दिवा, दुसऱ्या बाजूला टंकलेखनाचं यंत्र. ती सांगायची, तो टंकायचा.

"'हा कार्यक्रम बारामतीतच का?' याला काय लिहायचं?" त्याने विचारलं.

"तुम्हीच सांगा. बारामतीतच का, सर?"

"जमिनी इथल्या आहेत."

"आणखी?"

"माणसं इथली आहेत."

"कोणती माणसं?"

त्याची बोटं कळांवर थांबली. "शेतकरी," तो म्हणाला, आणि घाईघाईने पुढची ओळ टंकू लागला. योगिनीने खिडकीबाहेर पाहिलं. पळस नुसता पेटला होता आणि या माणसाला शेतकरीच आठवत होते.

अर्ज पहिल्या चाळणीतून पार पडला. मंडळाची तीन जणांची समिती पाहणीला येणार असं कळलं, तेव्हा रणवरे सरांनी अख्ख्या विभागाला भेळ खाऊ घातली. दाखवण्यासारखं एकच होतं, तात्याबांच्या रानातला प्रयोग. निम्म्या रानात जिप्सम टाकून धैंचाचं हिरवळीचं खत गाडलं होतं. तिथे आता उन्हाळी चाऱ्याचं कोवळं हिरवं पीक डोलत होतं. उरलेलं निम्मं रान मुद्दाम हात न लावता राखलं होतं, पांढरं फटक. ते तसं असलं तरच हिरव्या निम्म्याचं मोल कळणार होतं.

समितीची गाडी लोणी देवकरला पोचली. योगिनी पुढे चालत होती, उत्साहाने पायात वारं भरलेलं. बांधावर चढली आणि जागच्या जागी थांबली.

पांढरं रान पांढरं उरलंच नव्हतं. वाघूर लावलेली, म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, आणि तिच्यात सगळीकडे मेंढरंच मेंढरं. पायांखाली लेंड्यांचा काळा गालिचा.

तात्याबा फेटा सावरत हसत पुढे आले. "या पाव्हणं. निम्मं रान उघडं पडल्यालं. दिल्लीची माणसं बघून काय म्हणत्याल? म्हणून डाळजच्या मेव्हण्याचं खांड बोलावलं आन् बसवलं रातभर. लोक खतासाठी पायलीनं जुंधळं देत्यात मेंढरं बसवाया. आमी फुकट बसवली. पोराच्या कामाला."

रणवरे सरांनी डोक्याला हात लावला. समितीच्या अध्यक्षा नागपूरच्या, पांढऱ्या केसांच्या बाई होत्या. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुलनेसाठी राखलेला भाग हाच ना?"

उत्तर एका कोकराने दिलं.

'दुसरीकडे नेऊ यांना,' योगिनीला वाटलं. 'शेजारचं पडीक रान दाखवू, हेच ते म्हणू.' तिने महिपतीकडे पाहिलं. प्राचार्यांसमोर ज्याला चहा नको म्हणता येत नव्हतं, तो महिपती पुढे झाला.

"हाच, मॅडम. आता तुलना करता येणार नाही. वर्ष वाया गेलं. पण चूक तात्यांची नाही, माझी आहे. निम्मं रान का राखलंय, हे मी अर्जात तुम्हाला पानभर लिहून कळवलं. ज्यांचं रान आहे, त्यांना एका शब्दाने सांगितलं नाही. त्यांना कळेलच, असं धरून चाललो."

"मग तुमच्या विद्यार्थ्यांना तुम्ही काय शिकवणार?" बाईंनी शांतपणे विचारलं.

"आधी बोलायला शिकवीन. माती उचलायच्या आधी. मलाही शिकायचंय."

बाईंनी वहीत काही लिहिलं नाही. तात्याबांकडे वळून म्हणाल्या, "चहा मिळेल का?"

"मिळंल की. मेंढीच्या दुधाचा घ्याल का म्हशीच्या?"

परतताना गाडीत बसायच्या आधी योगिनी महिपतीजवळ थांबली. "धरून चालायची भारी सवय आहे तुम्हाला, सर. कळेलच म्हणून..."

"हो," तो म्हणाला. "फार जुनी."

आणि गाडीकडे वळला. रस्ताभर ती त्याच्यावर रागावून होती, आणि रस्ताभर त्याच्याच बाजूने होती.

मे संपत आला. कोइमतूरची पेटी निम्मी भरून पडली होती. एका दुपारी रणवरे सरांच्या टेबलावरचा फोन वाजला. त्यांनी "हो... हो... हो" एवढंच म्हटलं, फोन ठेवला आणि योगिनीला सगळं सांगितलं. ऐकून ती तशीच निघाली. रिक्षा मिळेना म्हणून भर उन्हात चालत, मग चक्क पळत, ती बारामती स्टँडवर आली. महिपती आज लोणी देवकरला जाणार हे तिला ठाऊक होतं. इंदापूरची गाडी लागलेली होती. खिडकीशी पिशवी होती आणि शेजारी तो.

"मी नव्हतेच येणार आज," ती धापा टाकत म्हणाली. "मग ही कुणासाठी?"

"सवय," तो म्हणाला. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून ताडकन उठला. "निकाल लागला?"

"लागला. ऐका..."

"नका सांगू." त्याने हात वर केला. "आधी मी बोलतो. नंतर बोललो तर म्हणाल, अनुदान मिळालं म्हणून धीर आला. किंवा नाही मिळालं म्हणून अडवतोय." त्याने पिशवी छातीशी धरली. "मला तुम्ही आवडता. पहिल्या दिवसापासून. तुम्ही कोइमतूरला गेलात तरी आवडाल. मी चार वर्षं थांबेन. हे तुम्हाला कळेलच, असं धरून चाललो होतो..."

मागच्या बाकावरची भाजीवाली बाई शेंगा सोलायची थांबली होती.

योगिनीने त्याच्या हातातून पिशवी काढून घेतली, खिडकीशी बसली आणि ती मांडीवर ठेवली. साडीला माती लागली. लागू दे.

"कळलं होतं," ती म्हणाली. "पण कळणं वेगळं आणि ऐकणं वेगळं, महिपती."

नेहमीचं 'सर' गळून पडलं, हे त्याच्या जरा उशिरा ध्यानात आलं. कान मात्र आधीच लाल झाले होते.

"आणि तुमचं?" त्याने चाचरत विचारलं.

"माझं सोपं नाही. रीतसर घरी यावं लागेल. वडील डाळिंबाच्या बागेतून उठून येतील, सिंधुबाई आत्या चष्मा लावून बघेल. कडक समिती आहे."

"मी बोलेन त्यांच्याशी. आधीच."

"मग माझ्याकडून मंजूर."

कंडक्टरने दोनदा घंटी दिली. गाडी स्टँडबाहेर वळली, गरम वारा आत आला. महिपतीने हळूच विचारलं, "आणि... दिल्लीचं?"

"ते होय?" योगिनी खिडकीबाहेर बघत हसली. "निमगाव केतकी येऊ दे. मग सांगते."

पण कऱ्हेचा पूल ओलांडेपर्यंतही तिला दम धरवला नाही.

"कोइमतूरची पेटी उपसायला लागेल मला," ती म्हणाली. "येशील मदतीला?"