मास्तरांची सीट

"भूत एक वेळ परवडलं, पण ह्या पायपुसण्यांचा भाव नाही परवडत," गाडी घ्यायला आलेला बंगलेवाला बायकोच्या कानाशी पुटपुटला.

बायकोच्या पलीकडे, त्याच सोफ्यावर आत्या बसली होती. तिचे गुडघे वयाप्रमाणे कुरकुरत, कान मात्र अजून तरुण होते.

बायकोने तितक्याच हळू उत्तर दिलं, की पायपुसणी घ्या नाहीतर टाका, पण मेलेल्या माणसाच्या सीटशेजारी ती बसणार नाही. संध्याकाळपर्यंत काय तो उलगडा झाला तर ठीक, नाहीतर चला घरी.

समोर, काचेच्या दालनात ती गाडी उभी होती. बुटकी, रुंद, गडद निळी, उभ्या जागीही पळत असल्यासारखी. कंपनी असल्या गाड्या हात आखडून पाठवते. ह्या शोरूमच्या वाट्याला एकच आली होती आणि मागणारे गावभर होते. काचेवर छापील किंमत चिकटवलेली होती, ती वाचण्यापुरती. खरी किंमत म्हणजे त्यावर आणखी 'वरचे'. वरचे पैसे उघड कोणी मागत नाही. गाडीबरोबर पायाखालच्या मॅट सक्तीच्या, खास पॉलिश सक्तीचं, चाकांच्या टोप्याही सक्तीच्या, आणि त्यांचे भाव असे की मॅटवर पाय ठेवण्याआधी माणसाने चप्पल हातात घ्यावी.

शोरूम आत्याच्या भाच्याचं. सकाळीच त्याचा फोन आला होता.

"आत्या, आत्ताच्या आत्ता ये. मास्तर परत आलेत."

मास्तरांना तर मागच्याच महिन्यात सगळे पोचवून आले होते.

मास्तर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. अर्धं गाव त्यांच्या हाताखाली गाडी शिकलं. आत्या शिकली, भाचा शिकला, भाच्याची बायको तर लग्नाआधी शिकली. मास्तर जन्मभर शेजारच्या सीटवर बसले, पायाशी जादा क्लच आणि ब्रेक घेऊन, दुसऱ्यांच्या चुका दाबत. त्यात डावा गुडघा गेला. पाय वाकेना, म्हणून सीट पार मागे ढकललेली. पाठ मात्र शाळेच्या बाकासारखी ताठ. आणि डावा आरसा इतका खाली झुकवलेला, की मागचं चाक आणि रस्त्याची कड दिसावी. असं दुसरं कोणी बसत नाही. बसलंच तर कंबर धरून उतरेल.

शाळा बंद केल्यावर त्यांना एकच हौस उरली होती. बिनक्लचची, वेगाची गाडी, आणि तिच्या स्टिअरिंगसमोर ते स्वतः. निळ्या गाडीचं पहिलं बुकिंग त्यांचं होतं, छापील किमतीचे सगळे पैसे भरून. गाडी यायच्या आधीच ते गेले.

आणि आता, रोज सकाळी शोरूम उघडलं की निळ्या गाडीची ड्रायव्हरची सीट पार मागे, पाठ ताठ, डावा आरसा खाली. एक गिऱ्हाईक ते बघून परत गेलं. दुसरं ऐकूनच आलं नाही.

आत्याचा जन्म विमा कंपनीसाठी ठोकलेल्या गाड्या तपासण्यात गेला होता. पत्रा कसा चेपलाय ते पाहून गाडी नवरा चालवत होता की मेहुणा, हे ती सांगे. भुतांचा दावा मात्र तिच्याकडे पहिल्यांदाच आला होता.

भाच्याचा संशय पहारेकऱ्यावर होता. संध्याकाळी त्याला काढून टाकणार, असं तो आत्यासमोरच बोलला. आत्या म्हणाली, काढ, पण आधी मला त्याच्याशी बोलू दे.

पहारेकरी दाराशी टोपी हातात घेऊन उभा होता. गाडीला त्याने बोटही लावलं नव्हतं. दार जबरदस्तीने उघडलं तर भोंगा वाजतो, आणि किल्ली त्याच्याकडे कधीच नसते.

"गेल्या आठवड्यात तू तापाने घरी होतास ना?"

"हो, आत्या. बदली माणूस होता."

"तेव्हाही सीट हलली?"

"रोज." त्याने टोपी दुसऱ्या हातात घेतली. "त्यालाही मी सांगितलं होतं, की आत बघू नकोस म्हणून."

"सकाळी शोरूम कोण उघडतं?"

"वहिनी. त्या आल्या की मी चहाला जातो. येईपर्यंत सगळे जमलेले असतात."

वहिनी म्हणजे भाच्याची बायको, आत्याची सूनबाई. गिऱ्हाइकाच्या ताब्यात गाडी देण्याचं टेबल तिचं. ती आज कुणाच्या नजरेला नजर देत नव्हती. पण तसं तर अख्खं शोरूमच देत नव्हतं. मास्तरांचं नाव निघालं की कुणाला फोन यायचा, कुणाला चष्मा पुसायचा असायचा.

सेल्समनला सगळे साखरतोंड्या म्हणत. तोच काय तो बोलायला तयार होता, कारण गप्प बसणं त्याला जमतच नसे. इथली ताबा देण्याची रीत त्याने कौतुकाने सांगितली. वहिनी गिऱ्हाइकाला आधी सीटवर बसवतात. सीट, पाठ, आरसे सगळं त्याच्या मापाने लावतात आणि ते माप किल्लीत साठवून ठेवतात. मग तो त्या किल्लीने दार उघडतो आणि गाडी आपोआप त्याच्या मापाची होते.

"गाडीने ओळखलं म्हणून गिऱ्हाईक असं खूश होतं, आत्या, की वरच्या पैशांबद्दल तोंडातून ब्र काढत नाही."

"ह्या निळीच्या किल्ल्या किती?"

"दोन. एक माझ्या खिशात, दाखवायला. दुसरी साहेबांच्या घरी, कपाटात."

"ही गाडी आली कधी?"

साखरतोंड्याच्या तोंडातली साखर एकदम संपली. साहेबांना विचारा, म्हणाला, आणि चष्मा पुसायला लागला.

आत्याने साहेबांना विचारलं.

"मास्तर गेल्यावर आली," भाचा म्हणाला. "किती वेळा सांगू? ते असताना आली असती तर गाडी त्यांची, म्हणजे आता मास्तरीणकाकूंची. नंतर आली, म्हणून बुकिंग रद्द. नियम आहे. काकूंना बोलावलंय दुपारी, भरलेले पैसे परत देतोय. सगळे."

"छापील किमतीचे."

"मग काय वरचे देऊ?"

"मास्तर ह्या गाडीत कधी बसले होते?"

"आलीच नव्हती तर बसतील कुठे?"

 आत्या मागच्या गोदामात गेली. तिथे एक मोठं ताडपत्रीचं आच्छादन घडी करून ठेवलेलं होतं आणि त्यावर धुळीची साय. फरशीवर चार चाकांचे रुंद डाग होते, एका जागी खूप दिवस उभ्या राहिलेल्या गाडीचे. आत्याने ओढणीच्या टोकाने एक डाग घासून पाहिला. निघाला नाही. मग दालनात येऊन ती निळ्या गाडीच्या चाकाशी वाकली. टायर खाली किंचित बसलेला होता, खूप वेळ एकाच कुशीवर झोपलेल्या माणसाच्या गालासारखा.

ती उठली. काचेत तिला स्वतःच्या मागे कुणीतरी ताठ बसल्याचा भास झाला. ती रिकामी सीट होती. 'आधी आरसा, मग बाकीचं जग,' मास्तर म्हणायचे. आवाज इतका जवळून आला की आत्याने वळून पाहिलं.

दुपारी मास्तरीणकाकू आल्या. इस्त्रीची साडी, हातात पिशवी, आणि खुर्चीच्या टोकाशी बसणं, दुसऱ्याच कुणाच्या जागेवर बसल्यासारखं. त्यांनी पैशांची गोष्ट काढली नाही. गाडी एकदा लांबून पाहू का, एवढंच विचारलं. ह्यांनी भिंतीवर चित्र लावलं होतं, म्हणाल्या, रंग हाच होता का ते बघायचंय.

आत्याने भाच्याला सांगितलं, घरची किल्ली मागव. सूनबाई पटकन उठली, मी आणते म्हणाली. भाच्याचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं. आत्याने चहा मागवला होता, तो अजून वाफाळत होता, तेवढ्यात सूनबाई किल्ली घेऊन समोर उभी.

मग आत्याने सगळ्यांना गाडीपाशी बोलावलं. बंगलेवाला आणि त्याची बायको, साखरतोंड्या, पहारेकरी, भाचा, सूनबाई. काकूंची खुर्चीही जवळ आणवली.

"साखरतोंड्या, तुझी किल्ली."

आत्याने त्या किल्लीने दार उघडलं. सीट पुढे सरकली, साखरतोंड्याच्या आखूड पायांच्या मापाला येऊन थांबली. तिने दार लावलं. गाडीला कुलूप लावलं. मग दुसरी किल्ली घेतली आणि दार पुन्हा उघडलं.

आतून बारीक गुणगुण सुरू झाली. सीट हळूहळू मागे जाऊ लागली. कुणी ढकलत नव्हतं. पार मागे गेली. पाठ सावकाश वर आली, ताठ झाली. आणि बाहेर, डाव्या आरशाने मान खाली घातली.

बंगलेवाल्याच्या बायकोने नवऱ्याचा दंड धरला. पहारेकऱ्याने टोपी छातीशी घेतली. काकू मात्र खुर्चीतून अर्ध्या उठल्या, घरातलं माणूस दारात आल्यावर उठावं तशा.

"हे भूत," आत्या म्हणाली. "किल्लीत साठवलेलं माप. घरच्या किल्लीने गाडी उघडली की सीट मास्तरांची होते. म्हणजे रोज सकाळी कुणीतरी ती किल्ली वापरत होतं. पहारेकरी आजारी असतानाही सीट हलली, म्हणजे तो नाही. साखरतोंड्याच्या किल्लीत त्याचं स्वतःचं माप आहे, म्हणजे तोही नाही. घरच्या कपाटाला हात घरच्यांचाच लागतो. भाचा स्वतःचं गिऱ्हाईक पळवणार नाही. आणि मघाशी किल्ली घरून यायला निघाली ती चहा निवायच्या आत पोचली. ती घरी नव्हतीच. पर्समध्ये होती."

सगळ्यांनी सूनबाईकडे पाहिलं. तिने मान वर केली. सकाळपासून पहिल्यांदाच.

"पहिल्या दिवशी भूत मलाच दिसलं, आत्याबाई," ती म्हणाली. "साखरतोंड्या यायचा होता, गाडी पुसायची होती, म्हणून घरची किल्ली आणली. दार उघडलं आणि सीट अशी मागे गेली. किंचाळायचंही सुचलं नाही. मग आठवलं, की ते माप मीच साठवलं होतं. दुसऱ्या दिवसापासून मी मुद्दाम दाखवत गेले. तोंडाने सांगायची हिंमत नव्हती."

बंगलेवाल्याने सुटकेचा श्वास टाकला. "म्हणजे भूतबीत काही नाही. झालं तर. किल्ली द्या, निघतो आम्ही."

"जरा थांबा," आत्या म्हणाली. "अजून एक साधा प्रश्न राहिलाय. हे माप अंदाजाने लावता येत नाही. वाकत नसलेला गुडघा सीटवर बसवावा लागतो. मास्तर ह्याच गाडीत, ह्याच सीटवर बसलेत. गोदामात ताडपत्री आहे, फरशीवर चाकांचे डाग आहेत. आता पुढचं वाक्य मी बोलणार नाही. ते माझं नाही."

कुणाला फोन आला नाही. कुणी चष्मा पुसला नाही.

सूनबाई काकूंच्या खुर्चीशी खाली बसली. जे सांगितलं ते इतकं हळू, की पुढे वाकावं लागलं. मास्तर दर आठवड्याला तिच्या टेबलाशी यायचे, काठी टेकवायचे आणि विचारायचे, काही खबर? गाडी अजून आली नाही, हे उत्तर तिला ठरवून दिलेलं होतं, तेच ती द्यायची. एके दिवशी ते दवाखान्यातून थेट आले. चेहरा पाहून तिला ते उत्तर देववेना. मागच्या दाराने आत नेलं, ताडपत्री काढली, त्यांना बसवलं. त्यांनी आधी आरसा लावला. मग स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बराच वेळ समोरच्या भिंतीकडे बघत बसले, रस्ता असल्यासारखे.

"मी म्हटलं, मास्तर, मी आज घरी बोलते. तर म्हणाले, नको, नवराबायकोत माझ्यावरून वाद नको. माझ्या हाताखाली शिकलाय तो. चुकतो, पण ब्रेक दाबतो. बघ, स्वतःच फोन करेल."

काकूंचा हात पिशवीवर होता, तो थांबला.

"म्हणून फोन उशाशी ठेवायचे होय," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, डॉक्टरांचा येणार असेल."

बंगलेवाल्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. बायकोने त्याची बाही ओढली आणि त्याला दाराकडे घेऊन गेली. काचेचं दार त्यांच्यामागे आपोआप मिटलं.

भाचा गाडीच्या डाव्या बाजूला उभा होता. खाली झुकलेल्या आरशात त्याचे फक्त बूट दिसत होते. तो तिथून हलला, काकूंसमोर आला. दोन्ही हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना, पहिल्यांदा स्टिअरिंगवर बसलेल्या पोरासारखं.

"काकू," तो म्हणाला, "गाडी आली होती. मास्तर होते तेव्हाच आली होती. ते वाट बघत होते, हेही माहीत होतं. मी फोन केला नाही."