टाचा भिंतीला टेकवून

तुमच्यापैकी कोणी त्या कलत्या मनोऱ्याला कधी पाठ लावून उभं राहिलंय का? पर्यटकांना उभं करतात ते नाही म्हणत मी. तुम्ही स्वतः?

हसू नकोस, किंगा. आणि ऑस्कर, तू ते दार लोटून घे, नदीवरून गार वारा येतोय. चहा घ्या सगळ्यांनी. उद्यापासून तुम्ही आपल्या या तोरुन गावाचे गाईड म्हणून गट फिरवणार, म्हणून सांगतो. एरवी मी ही गोष्ट सांगत नाही.

रीत तुम्हाला ठाऊक आहेच. टाचा भिंतीला, पाठ भिंतीला, हात समोर ताठ. ज्याच्या मनात पाप नाही तो टिकतो, पापी पुढे झोकांडतो. भिंतच पुढे कललेली, मग कोण टिकणार? सगळेच पडतात, हसतात, फोटो काढतात आणि आलेपाकाची बिस्किटं घ्यायला जातात. झेनोन तर म्हणायचा, "पाद्रीबाबांनासुद्धा मी इथे पाडलंय."

झेनोन माझा मित्र. गाईड म्हणून आम्ही एकाच उन्हाळ्यात लागलो. बोलण्यात त्याचा हात धरणारा गावात कोणी नव्हता. पण इतक्या वर्षांत तो स्वतः त्या भिंतीला कधी टेकला नाही. मी एकदा चिडवलं तर म्हणाला, "एडमंड, हलवाई कधी आपली मिठाई खातो का?"

तेव्हा नदीवर फ्लोरियान नावाचा नावाडी होता. पर्यटकांना पलीकडच्या काठावर नेऊन तिथून गावाचे दिवे दाखवायचा. शांत माणूस. दारूला शिवत नव्हता, त्याच्या बापाने दारूपायी घर बुडवलं होतं. एका शरद ऋतूत पाणी चढलेलं, धुकं उतरलेलं. झेनोनचा एक गट उशिरा आला. फ्लोरियान म्हणाला, "आज नको. पाणी बरं दिसत नाही." झेनोन म्हणाला, "अरे, एवढ्या लांबून आलेत बिचारे. एकच खेप. का घाबरलास?"

फ्लोरियानने खेप केली. माणसं नीट परत आणून सोडली. मग एकटाच नाव बांधायला खालच्या धक्क्याकडे गेला. नाव सकाळी सापडली. तो चार दिवसांनी.

पोलिसांनी विचारलं तेव्हा झेनोन म्हणाला, "त्याच्या तोंडाला वोडकाचा वास येत होता."

बस्स. एवढंच वाक्य. आपण त्याला जबरदस्तीने पाण्यात पाठवलं हे सांगायला नको, म्हणून. मला हे त्याने फार उशिरा सांगितलं, आणि का सांगितलं ते आता येईलच.

पुढे असं झालं, की त्या वाक्याची गोष्ट झाली. रात्रीच्या फेरीत झेनोन गटाला नदीकडच्या तटातल्या खलाशी दरवाज्यापाशी थांबवायचा आणि आवाज खाली आणून सांगायचा, की दारुडा नावाडी धुक्यात अजून बाटली शोधत फिरतो. लोक हसायचे, एकमेकांना बिलगायचे. बक्षिसी वाढली.

फ्लोरियानची बायको रेगिना स्मशानाच्या दाराशी फुलं आणि मेणबत्त्या विकते. अजूनही विकते. ती एकदा त्याला बाजारात भेटली. मी शेजारीच होतो. म्हणाली, "झेनोन, तो पीत नव्हता. तुम्हाला ठाऊक आहे."

"बाई, गोष्ट आहे ती. गोष्टीत थोडं मीठ लागतंच."

"माझ्या नातवाला शाळेत दारुड्याचा नातू म्हणतात." ती रडली नाही, आवाजही चढवला नाही. "बरं, निदान सर्वसंतांच्या रात्री तरी सांगू नका. त्या रात्री गेलेली माणसं ऐकतात."

झेनोन हसला. बाजूला आल्यावर मला म्हणाला, "मेणबत्त्या खपवायची युक्ती आहे रे ही."

त्या वर्षी एक नोव्हेंबरला, म्हणजे सर्वसंतांच्याच रात्री, त्याला परदेशी लोकांचा गट मिळाला. आपण सगळे स्मशानात आपापल्या माणसांच्या थडग्यांवर दिवे लावून घरी परतलो होतो. गाव अगदी रिकामं. आणि त्याने गोष्ट सांगितली. नेहमीपेक्षा रंगवून सांगितली म्हणे.

गट गेल्यावर त्याने इअरफोन मोजून पेटीत ठेवले, तर एक कमी. सकाळी दुसरा गट होता. म्हणून अकराच्या सुमाराला तो शोधायला बाहेर पडला. ती युक्ती तुम्हाला शिकवलीये ना? गळ्यातला माईक चालू ठेवायचा, हळू बोलत चालायचं. पडलेला इअरफोन जवळ असला की त्यातून आपलाच आवाज कुजबुजतो. अंधारातसुद्धा सापडतो.

तर तो चालला. खलाशी दरवाजा, तिथून तटाच्या कडेने. माईकमध्ये म्हणत होता, "ये बाळा, कुठे आहेस, ये लवकर." थट्टेनेच. पाऊस नव्हता. रस्ता कोरडा खडखडीत.

मनोऱ्याच्या गल्लीत वळला आणि कुजबुज ऐकू आली.

बरं वाटलं त्याला. दोन पावलं पुढे गेला. मग लक्षात आलं की आवाज त्याचाच आहे, पण शब्द ते नाहीत.

"...बाटली शोधत फिरतो, बरं का मंडळी..."

तो थांबला. तोंड मिटलं.

कुजबुज चालूच.

"...नशेत होता... वासावरून ओळखलं..."

त्याने माईक बंद केला. माईकवरचा लाल दिवा विझला. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला विझलेला.

"...वास येत होता... वास येत होता... वास येत होता..."

आणि मनोऱ्यापाशी कोणीतरी उभं होतं.

...

नाही किंगा, चेहरा दिसला नाही त्याला. दिवा गल्लीच्या पलीकडच्या टोकाला होता. रबरी बूट दिसले. टाचा भिंतीला. पाठ भिंतीला. दोन्ही हात समोर, ताठ.

झेनोन वाट पाहत होता. तो पडेल म्हणून. सगळे पडतात.

तो पडला नाही.

किती वेळ गेला, कोण जाणे. भिंत पुढे कललेली, आणि तो तिला चिकटून तसाच. हात थरथरत नव्हते. नुसता उभा. मग त्याने एक हात हळूच खाली घेतला आणि अंग चोरलं... जागा केल्यासारखं.

झेनोन मला म्हणाला, "एडमंड, मला पळता आलं असतं. पाय मोकळे होते. पण जागा माझ्यासाठी केली होती रे."

तो गेला. भिंतीला पाठ लावली. टाचा टेकवल्या. शेजारून नदीचा वास येत होता. गाळाचा, थंड. दुसरा कसलाही वास नव्हता.

हात पुढे केले.

पडला. गुडघ्यांवर.

उठला, पुन्हा टेकला. पुन्हा पडला.

पुन्हा.

शेजारचा हसला नाही. ती कुजबुज मात्र थांबली होती...

माझ्या दारावर थाप पडली तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. झेनोनच्या विजारीचे गुडघे फाटलेले, रक्त आलेलं. माझी बायको पाणी तापवायला उठली. तो स्वयंपाकघरात बसला आणि मघाशी मी तुम्हाला सांगितलं ते सगळं बोलला. ती खेप, ते "का घाबरलास", ते वासाचं वाक्य. शेवटी म्हणाला, "मी भेकडपणाने एक वाक्य बोललो आणि त्यावर इतकी वर्षं जेवलो." 

मी त्याला एवढंच म्हणालो, "मला सांगून काय उपयोग? जिला सांगायचं तिला सांग."

उजाडायच्या आत आम्ही रेगिनाच्या दारी गेलो. ती फुलांच्या बादल्या भरत होती. झेनोन उंबऱ्याबाहेरच उभा राहिला आणि एका दमात बोलून गेला. तिने सगळं ऐकून घेतलं. माफ केलं असं काही म्हणाली नाही. हात पुसले, शाल घेतली आणि म्हणाली, "हेच माझ्या नातवासमोर सांगा. आणि पोलिसांसमोर. पण आधी मला ती जागा दाखवा."

तसं त्याने सांगितलंही, दोन्हीकडे, त्याच दिवशी. त्यानंतर गाईडचं काम मात्र सोडलं.

पण आधी आम्ही तिघं मनोऱ्यापाशी गेलो. इअरफोन भिंतीच्या कडेला पडलेला होता, बॅटरी संपलेली. गल्लीतले दगड कोरडे होते. फक्त भिंतीच्या बुडाशी रबरी बुटांचे दोन ओले ठसे होते, नदीच्या गाळाचे, टाचा भिंतीला अगदी टेकलेल्या. तिथवर चालत आल्याचा एकही ठसा नव्हता. आणि पुढे झोक जाऊन पाऊल पडल्याचाही नव्हता.