सहा नंबरची वाट

ही गोष्ट खरी आहे. रात्रीची नाही, भर दुपारची आहे.

ऑक्टोबर १९८८. रविवार. अंधेरी पूर्वेला महाकाली रोडवरची एक तीन मजली इमारत.

तिथे एक छोटी कंपनी उद्याच्या मोठ्या कॉम्प्युटरचा नमुना बनवत होती. एका पेटीत आठ प्रोसेसर. एक अवघड गणित आठ जणांत वाटायचं आणि आठांनी एकाच वेळी सोडवायचं. वाटणीचा प्रोग्राम खारदांड्याच्या कोळीवाड्यातल्या रामनाथने लिहिला होता.

त्यातली खरी युक्ती मात्र त्याच्या बायकोची होती. मंजुळाची.

दांड्याला तिच्या घरच्या बायका गोल करून कोलंबी सोलायच्या. जिचा वाटा आधी संपेल, तीही उठायची नाही. शेवटचीचं झालं की सगळ्या एकदम उठायच्या.

"तुझ्या मशीनला एवढं पण येत नाही?" मंजुळा हसली होती.

रामनाथने तसंच लिहिलं. आठही जणांचं झाल्याशिवाय कुणी पुढे जायचं नाही.

सप्टेंबरात मंजुळाचा ताप मेंदूत गेला. मेहुणी विमलाने हॉस्पिटलमधून फोन केला, लगेच या म्हणाली. दुसऱ्या दिवशी साहेबांना मशीन दाखवायचं होतं आणि सहा नंबरचा प्रोसेसर उत्तर देत नव्हता. बाकीचे सात खोळंबले होते. एवढं बघतो आणि निघतो, असं रामनाथ म्हणाला.

तो पोचला तेव्हा खाट रिकामी होती.

विमलाने सांगितलं, तिला काही कळलंच नाही, सकाळपासून शुद्ध नव्हती.

त्या एका वाक्यावर तो महिनाभर जगला.

त्या रविवारी तो आणि त्याचा सहकारी दत्ताराम दोघेच ऑफिसात होते. सहा नंबरच्या प्रोसेसरचा बोर्ड काढून दुरुस्तीला पाठवला होता. रामनाथने प्रोग्राम सातांपुरता करून घेतला, सहाचं नाव काढून टाकलं आणि काम सुरू केलं.

दोन मिनिटांत सातही प्रोसेसरचे दिवे विझले. सातांचं झालं होतं.

पण उत्तर आलं नाही…

स्क्रीनवर एकच ओळ होती. सहाची वाट पाहत आहे.

दत्तारामने पेटी उघडली. सहाची जागा रिकामी होती.

पंख्याच्या आवाजाखालून काहीतरी ऐकू येत होतं… बारीक, ओलसर… कोलंबीचं साल निघावं तसं…

मग तेही थांबलं.

ओळीखाली वेळ उमटली. किती वेळ वाट पाहिली, त्याची.

चार तास दहा मिनिटं. काम सुरू होऊन पाच मिनिटंही झाली नव्हती.

"मेन बंद कर रे," दत्ताराम म्हणाला. रामनाथ हलला नाही. शेवटी दत्तारामनेच बटण खाली ओढलं.

रामनाथ तिथून थेट विमलाकडे गेला. खरं सांग म्हणाला.

"शुद्धीत होती, भावोजी. पावणेअकराला तुम्हाला फोन केला. तीनला पाच कमी असताना ती गेली. तोवर दाराकडेच बघत होती."

"काही बोलली?"

"येतील म्हणाली. काम अडलं असेल त्यांचं."

पावणेअकरापासून मोजलेला तो आकडा मशीनमध्ये कुठून आला, ते कुणालाच सापडलं नाही. दत्तारामने त्या महिन्यातच नोकरी सोडली.

रामनाथला एकच गोष्ट अजून झोपू देत नाही.

बटण बंद केलं नसतं, तर तो आकडा चार तास दहावरच थांबला असता… की पुढे वाढत गेला असता?