काडी आहे का, भाऊ?

ती ट्यूब बंद कर आणि नीट बस. मोबाईल उलटा ठेव. हे मी कुठे वाचलेलं नाही की कुणाकडून उडत उडत ऐकलेलं नाही. माझ्या सख्ख्या दाजींच्या बाबतीत घडलंय, आणि दाजी माणूस असा, की दुकानात दहा रुपयांची थाप मारायची तरी कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या.

दाजींचं चष्म्याचं दुकान. गिऱ्हाईक काच लावून बघत असलं की ते आईची गोष्ट काढायचेच. आई म्हणजे दाजींचा जीव की प्राण. "माझ्या आईसाठी मी आगीत उडी घेईन," हे वाक्य त्यांच्या तोंडी कायम. ताई, म्हणजे माझी बहीण, आतून म्हणायची, "आधी तिचं औषध तेवढं आणा, मग उड्या मारा."

तर म्हातारी न्हाणीघरात घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. घरी सोडायचं म्हणाले, पण कागद हातात पडेपर्यंत रात्र झाली. डिसेंबरातला दुसरा शनिवार होता, आकाशात चंद्राचा पत्ता नव्हता. ताईने फोनवर सांगितलं, "आजची रात्र तिथेच काढा, सकाळी निघा." दाजी म्हणाले, "इथल्या बाकड्यावर झोपून माझंच हाड मोडेल." वॉर्डबॉयच्या मदतीने त्यांनी म्हातारीला मागच्या सीटवर आडवं टेकवलं, पाठीशी दोन उशा, मांडीवर तिची पिशवी, आणि आपली जुनी पेट्रोलची गाडी काढली.

शहर सुटलं. रस्त्याचं काम चाललेलं, खडी पसरलेली. एका वळणावर खालून दणका बसला. म्हातारी कळवळली. दाजी म्हणाले, "दगड होता गं, झालं." पाच-सात मिनिटं गेली असतील.

"बाळा, वास कसला रे?"

"हॉस्पिटलचा असेल. आठ दिवस राहिलीस तिथे, नाकात बसलाय."

"अरे, मला खुबा नाही, नाक आहे. पेट्रोल आहे हे."

दाजींनी काट्याकडे पाहिलं. काटा उतरत होता. डोळ्यांदेखत.

गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद केलं. एका बाजूला नांगरलेलं रान, दुसऱ्या बाजूला ओसाड माळ. खाली वाकून मोबाईलचा उजेड टाकला तर टाकीच्या बुडाला चीर, आणि धार लागलेली. ओळखीच्या मेकॅनिकला फोन लावला. तो झोपेतच बोलला, "साबण आहे का, शेठ? ओला करून चिरेवर घासा, दाबून बसवा. घरापर्यंत याल. आणि ऐका, काडी ओढू नका. काडीच काय, ठिणगीसुद्धा नको. तुमच्या अंगावर पेट्रोल सांडणार आहे, कळलं ना?"

साबण म्हातारीच्या पिशवीत होता, आंघोळीचा. दाजींनी तो घेतला, पिशवी तिच्या मांडीवर परत ठेवली आणि गाडीखाली सरपटत शिरले. धार मनगटावरून बाहीत, बाहीतून छातीवर. सदरा भिजला. डोळे चुरचुरायला लागले. पण साबण चिरेत बसायला लागला. धारेचे थेंब झाले.

तेवढ्यात उजेडात त्यांना पाय दिसले.

गाडीच्या पलीकडे, रस्त्याच्या कडेला. अनवाणी, लहानखुरे. नाही, नाही, उलटे नव्हते. सरळच होते, आपल्यासारखे. म्हणून तर दाजी घाबरले नाहीत. वाटलं, कुणीतरी राखणदार आला.

"काडी आहे का, भाऊ?"

आवाज साधा होता. थंडीने बसलेला.

"अहो दादा, लांब व्हा! पेट्रोल गळतंय. इथे काडी-बिडी काही नको."

"थंडी फार आहे."

"असू दे. लांब व्हा म्हटलं ना!"

पाय जरा थांबले. मग चालायला लागले. सावकाश. गाडीला वळसा घालून. पाय पेट्रोलच्या थारोळ्यातून गेले. चुबुक म्हणून आवाज यायला हवा की नाही? आला नाही...

पाय मागच्या दारापाशी थांबले.

"काडी आहे का, आई?"

आणि वरून म्हातारीचा मायेचा आवाज. "आहे हो. थांब. लाइट जातात ना हॉस्पिटलात, म्हणून ठेवली होती."

पिशवीची चेन उघडली.

दाजी ओरडले, "आई! देऊ नकोस!"

"का रे? गारठलंय बिचारं लेकरू."

"आई, नको!"

काडेपेटी खुळखुळली. या हातातून त्या हातात गेली, तेही ऐकू आलं. मग...

खर्र.

पेटली नाही.

दाजींची छाती भिजलेली. हात भिजलेले. केससुद्धा.

खर्र...

दाजी लोळत दुसऱ्या बाजूने बाहेर पडले, उठले आणि पळाले. नांगरटीतून. ठेचकाळत, पडत, पुन्हा उठत. मागे वळून पाहिलं नाही.

तू असं बघू नकोस माझ्याकडे. तू काय केलं असतंस, ते तुलाही माहीत नाही.

रान संपलं तिथे बांध होता. बांधाआड ते बसले. कानावर हात ठेवले. भडका उडायची वाट बघत.

भडका नाही. हाक आली.

"बाळा..."

ते बसून राहिले.

"बाळा, कुठे गेलास? मला उठता येत नाही रे."

बसून राहिले.

"अरे, हा दार उघडतोय..."

मग काहीच नाही.

किती वेळ, ते त्यांना कधीच सांगता आलं नाही. थंडी होती, आणि अंगावरचं पेट्रोल उडून जाताना थंडी आणखी चावते. दात वाजत होते. आणि कानाशी, अगदी कानाशी, कुणीतरी बसल्यासारखं बोललं.

"बरं केलंस. माझा भाऊही असाच पळाला होता."

दाजींनी मान वळवली. बांध. ढेकळं. अंधार.

मग मात्र ते परत धावले. गाडी होती तशी होती. दार बंद. म्हातारी उशांना टेकून, पिशवी मांडीवर, समोर बघत. खाली थेंबसुद्धा पडत नव्हता.

"आई... तो माणूस..."

"चल," म्हातारी म्हणाली. "घरी चल."

वाटभर ती खिडकीबाहेर बघत होती. घरी पोचल्यावर मात्र तिने ताईला हसून सांगितलं, "लेकाने अंधारात गाडीखाली शिरून टाकी बुजवली हो. माझा लेक म्हणून आले मी सुखरूप." शेजाऱ्यांना सांगितलं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. दाजी कोपऱ्यात उभे राहून ऐकायचे. लोक पाठ थोपटायचे.

महिन्याभराने, दुपारी घरात कुणी नसताना, दाजी तिला पाणी द्यायला गेले. ग्लास हातात घेऊन ती म्हणाली, "किती लांब गेला होतास रे?"

दाजी तिची उशी सारखी करायला लागले.

"रागावले नाही मी. हाक ऐकू येत होती का, एवढंच विचारते."

"नाही आई," दाजी म्हणाले. "नाही ऐकू आली."

म्हातारीने त्यांच्या कानांकडे पाहिलं. "बरं," म्हणाली. ग्लास तसाच बाजूला ठेवला. त्यानंतर त्यांच्या हातचं पाणी ती कधीच प्यायली नाही. ताईने दिलं तरच. उन्हाळा काही तिने पाहिला नाही. शेवटी दाजी पायाशी बसले होते, आणि ती भिंतीकडे तोंड करून गेली.

गाडी अंगणातच उभी होती. दाजींनी तिला हात लावला नव्हता. म्हातारीचे दिवस झाल्यावर गाडी भंगारात द्यायचं ठरलं, तेव्हा मीच गेलो होतो, मेकॅनिकला घेऊन. त्याने टाकी उतरवली, उरलंसुरलं काढलं आणि उन्हात पालथी घातली. साबणाचा वाळलेला थर खरवडला.

आणि तो थांबला. मला म्हणाला, "मामा, बघा तर."

चीर तिथेच होती, चांगली बोटभर लांब. पण तिच्याभोवतीचा पत्रा फुगून बाहेर आला होता. आतून. पाच बोटं, पसरलेली. मधे तळहात, बरोबर चिरेवर दाबलेला.

टाकीचं तोंड एवढंसं असतं, पोरांनो. आत कुणाचा हात जात नाही.

मी आपला पंजा त्यावर ठेवून पाहिला. माझ्या पंजाच्या निम्मासुद्धा नव्हता.